बारीक अक्षरं

ऐरोली, सेक्टर आठ. रात्रीचे साडेनऊ.
हसुरामकाका हात पुढे करतात
प्रसाद घ्यावा तसा.
आज मात्र मूठ मिटली. म्हणाले, आधी वाच.

एकतीस वर्षं रबाळ्याच्या कंपनीत
गोळ्या पाकिटात बसवायच्या लाईनवर होते.
आता पांढरी आणि पांढरी
यांतला फरक त्यांना दिसत नाही.

मी वाचते. नाव मोठं, गुळगुळीत.
"ते नको गं. खालचं. बारीक."

एक चिठ्ठी नेहमीच्या डॉक्टरांची,
दुसरी, ते पडले तेव्हा वाशीच्या इस्पितळातली.
नावं वेगळी, रंग वेगळे खोक्यांचे,
खाली मात्र तेच औषध, मिलिग्रॅमही तेवढेच.

अकरा दिवस मी दोन्ही देत होते.
उठताना ते भिंत चाचपायचे
आणि मी म्हणायचे, वय झालं काका.

सुनेला उठवलं. डॉक्टरांना फोन लावला.
एक पाकीट रबर गुंडाळून वर, फळीवर.

काका रागावले नाहीत.
रिकामी पट्टी कानाशी धरून
अंगठ्याने दाबत राहिले, टक्, टक्.
"एक घर चुकलं तरी
अख्खी लाईन थांबवायचो आम्ही, पोरी."

मग पाणी मागितलं. अर्धाच पेला.