हवा काढताना

पेडल असं खाली जायचं
जसा ओल्या स्पंजावर पाय.
गॅरेजवाल्यानं कागदावर एकशे साठ पौंड लिहून दाखवले
आणि पेन कानावर ठेवलं.
मी म्हटलं, बघते.

शेफील्डमधली आमची गल्ली इतकी उभी
की पिशवीतून संत्रं निसटलं
तर खालच्या चर्चशिवाय थांबत नाही.
इथं ब्रेक ही चैन नव्हे.

रविवार. घरामागच्या बोळात तेवढाच सपाट तुकडा,
तिथं मायक्रा चारी स्टँडवर चढवली,
हलते का, दोनदा ढकलून पाहिली.
आठचा पाना, पारदर्शक नळी,
मुरंब्याची रिकामी बरणी.

इंग्रजीत याला गाडीचं रक्त काढणं म्हणतात.
निपाणीत आमच्या खाली राहणारा रज्जाक मिस्त्री म्हणायचा,
हवा काढणं,
आणि डोळा मारायचा,
कारण तो गिऱ्हाइकांचीही काढायचा.
मला दोन्ही पटतं.
आठवडाभर वॉर्डात मी लोकांच्या शिरा शोधते,
थोडंसं टोचेल हं, असं परक्या भाषेत सांगते,
आणि बुडबुडा दिसला
की अंगठा आपोआप थांबतो.

पण याला दोन माणसं लागतात,
एक पेडलवर, एक चाकापाशी.
हे मी गाडी उचलल्यावर लक्षात आणलं.

मॉरीन ओल्डरॉइड कचऱ्याचा डबा ओढत आली,
वय एक्क्याऐंशी, पायात घरातल्या सपाता.
मी बसू का, म्हणाली.
गाडी तिनं कधी चालवली नव्हती.
पन्नास वर्षं डावीकडे,
मांडीवर नकाशा, नकाशावर सँडविच,
आणि अर्नेस्ट रस्ता चुकला की चूक तिची.
सीट पुढे ओढली. आणखी पुढे.

सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची.
मागचं डावं.
मी खाली, पाठीला गार फरशी,
डोक्यावर लोखंड,
आणि तोंडातून आलं ते मराठीच:
दाब.
तिनं दाबलं.
धर.
पाना पाव वळसा.
नळीतून उतरलं काळपट, चौथ्यांदा उकळलेल्या चहासारखं,
त्यात मोहरीएवढे बुडबुडे,
इतके दिवस भाडं न देता राहिलेले.
पाना बंद.
सोड.

इथं क्रम चुकून चालत नाही.
मी बंद करायच्या आत तिनं पाय उचलला
तर गेलेली हवा नळीतून परत आत.
तिनं एकदाही उचलला नाही.
दाब. धर. सोड.
मध्येच मी उठून बॉनेटखाली टाकी भरायची,
ती कोरडी पडली तर सगळं पहिल्यापासून.
ती समोर बघत बसलेली,
समोर फक्त शेजाऱ्यांची भिंत
आणि भिंतीवर एक मांजर.

तिसऱ्या चाकाला वरून आवाज आला,
दरलाय!
मी इतकी हसले की पाना निसटला
आणि थेंब नाकावर.
हे तेल गाडीचा रंग खातं,
नाकाचं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही.
बाहीनं पुसलं.
दर, म्हटलं मी. दरून ठेव.

शेवटचं चाक तिच्याच पायांखालचं.
नळीत काहीच दिसेना,
मला वाटलं रिकामी आहे.
रिकामी नव्हती. स्वच्छ होती.

आता दगडासारखं लागतंय, म्हणाली.

चाकं बसवली, गाडी उतरवली,
मागच्या चाकाला वीट लावली.
बरणीचं झाकण घट्ट केलं.
मॉरीन अजून आतच,
दोन्ही हात स्टिअरिंगवर, नीट, शिकवल्यासारखे,
उजवा पाय पेडलवर.

अर्नेस्ट म्हणायचा, काचेतून ती म्हणाली,
माझे पाय भित्रे आहेत.

मी पाना पुसायला घेतला.
बराच वेळ पुसत राहिले.