अर्ध्या पायावर

विडी कारखान्याच्या मॅनेजरकडून घेतलेली अँबॅसडर,
अजून सीट झटकली की तंबाखूची शिंक येते.
कुंभारीच्या पुढे, वळसंगच्या अलीकडे
ती मधूनच बंद पडते.
मधूनच. हाच तर त्रास.
कायमची पडली असती तर भंगारात देऊन
मी मोकळी झाले असते.

झोपेत पायरी चुकावी तसा एक आचका,
मग इंजिनाचा आवाज जातो
आणि वाऱ्याचा तेवढा उरतो.
कडेला घेते. चावी फिरवते.
लगेच चालू.
गॅरेजच्या दारात तर अशी घुमते
की मीच खोटारडी.

सगळे म्हणाले, ऊन.
सोलापुरात दुसरं काय कारण असतं कशाला?
पेट्रोलच्या पंपाला ओलं फडकं बांधलं,
कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला,
चार प्लग, नवे पॉइंट,
हेडमास्तर म्हणाले म्हणून लिंबू-मिरचीसुद्धा.
पावत्यांची पिशवी फुगली.
आणि गड्ड्याच्या दिवसांत, ऐन थंडीत,
सकाळी साडेसहाला, अंगात स्वेटर असताना
ती पुन्हा गप्प.

मी आठवीला परिपथ शिकवते.
फळ्यावर सेल, कळ, दिवा.
तार तुटली की दिवा विझतो, मुलांनो.
एखादी तार कधी तुटलेली असते
आणि कधी नसते,
हे पुस्तकात नाही.

शेवटी अशोक चौकामागे, राजेशम गाजूल.
त्यांनी बॉनेट उघडलंच नाही.
चहा सांगितला.
"कवा बंद पडती सांगा की ओ बाई. चढावर?"
नाही.
"गर्दीत? पाय दाबून पळवताना?"
आठवेना.
"मग लिहा. आदी वही आणा, गाडी नंतर."

सत्तावीस दिवस लिहिलं.
मंगळवार. कुंभारी सोडल्यावर. पन्नासचा वेग. रस्ता मोकळा.
शुक्रवार. तिथंच. पुढे उसाचा ट्रॅक्टर नाही, मोकळा.
सोमवार. मोकळा. मी काहीतरी गुणगुणत होते.
(हे खोडलं. मग परत लिहिलं.)

गाजुलांनी कानावरची पेन्सिल काढून
एकाच शब्दाखाली रेघा मारल्या.
गुणगुणण्याखालीही एक, बारीक.
चढ नाही, घाई नाही,
पाय अर्धाच टेकलेला, सगळं सुरळीत,
तेव्हाच.

मग बॉनेट.
डिस्ट्रिब्युटरचं टोपण उतरवलं,
कार्ब्युरेटरकडून आलेली बारीक रबरी नळी सोडवली
आणि साठी उलटलेल्या त्या माणसानं
ती तोंडात धरून ओढली,
शहाळ्याच्या तळाचं पाणी ओढावं तशी.
आतली तबकडी चिमूटभर फिरली.
पोरगा स्क्रूड्रायव्हरनं पॉइंट उघडत होता,
वायरीच्या टोकाला निळी ठिणगी, टिक्, टिक्,
आणि नाही.
नळी सोडली. टिक्.
ओढली. नाही.
कोणी काही बोललं नाही.
पोरानं मात्र तेलुगूत एक शिवी हासडली, आनंदानं.

तार बोटभर.
वरचं कापडी वेष्टण शाबूत,
आत तांब्याचे केस सगळे तुटलेले,
टोकाला टोक लावून निजलेले.
तबकडी सरकली की लांब, परतली की जवळ.
"आमचे वडील मागावर होते," गाजूल म्हणाले,
"तुटका धागा डोळ्याला गावत न्हाई बाई,
ताण दिल्यावर गावतो."
साठ रुपये घेतले. जुनी कॉइल परत लावून
नवी माझ्या डिकीत टाकली: "ऱ्हाऊ द्या."

दोन महिने झाले, एकदाही नाही.
तरी कुंभारी सुटते, समोर रस्ता पसरतो,
आणि मी पाय जड करते,
उगीच, सत्तरपर्यंत,
नसलेल्या चढावर चढवल्यासारखी.
वही अजून डॅशबोर्डवर.
गुरुवार. सपाट. मोकळा.
बंद पडली नाही.
गुणगुणणं: नाही.