शेवटचा आकडा

बुधवारी आणि रविवारी, जुन्या बाजारात,
गंजलेले पान्हे, पंख्याची पाती
आणि कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम, यांच्यामध्ये
मुनाफ तबकड्या मांडतो
पापडासारख्या, उन्हात.
अरे, वाकतात त्या, सांगून दमलो.
तो म्हणतो, वाकल्या तरी तुम्हीच घेता, काका.

मी लेबल बघत नाही.
तबकडी तिरपी धरतो, चष्मा कपाळावर सरकवतो
आणि लेबलाच्या कडेची ती गुळगुळीत काळी पट्टी बघतो,
जिथे गाणं संपलेलं असतं
आणि सुई नुसती फिरत राहते.
तिथे कारखान्यातल्या कुणीतरी
टोच्याने ओरखडलेला नंबर असतो.
शेवटी एक असेल, तर माझ्याकडे तसल्या सहा आहेत.
शेवटी दोन असेल, तर
असत नाही.

चाळीस वर्षं मुद्रितं तपासली मी, शनिपाराजवळच्या प्रेसमध्ये.
ऱ्हस्वाचा दीर्घ निसटला तर रात्री झोप लागत नसे.
तेव्हा हे ओघानेच आलं म्हणायचं :
एकच गाणं, एकच लेबल,
आणि दोन पाठ.

गाणं साधंच. 'आगपेटी'. साल एकाहत्तर.
कॅम्पातल्या चार पोरांचा बँड,
गायला टेलिफोन एक्स्चेंजमधली सुनीती कारखानीस.
दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद,
मधे ट्रम्पेट, उगाचच आनंदी.
गणपतीत आमच्या मांडवात दहा दिवस तेच.
पण एकदा, एकदाच, रेडिओवर
ट्रम्पेट नव्हतं.
त्या जागी रिकामं होतं,
अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं.
आणि गाणं संपल्यावर, मागून, एक पुरुषी आवाज :
"परत एकदा?"
ती काय म्हणाली ते कळायच्या आत
सुई उचलली गेली,
कांद्याचे बाजारभाव सुरू झाले.

बायको म्हणायची, स्वप्नात ऐकलं असणार.
कोथरूडच्या एका संग्राहकाने फोनवर निकाल दिला, असं काही नाहीच.
'नाही' म्हणणारी माणसं
या शहरात कधी कमी पडली नाहीत.

मागच्या श्रावणात ड्रमवाले जाल पंथकी सापडले.
साचापीर स्ट्रीट, दुसरा मजला, वय शहाऐंशी,
डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही.
"आगपेटी? ते आमी वाजवला होता काय?"
ट्रम्पेटवाला ऑस्ट्रेलियात. स्टुडिओच्या जागी पार्किंग.
सुनीती? त्यांनी हात हलवला,
माशी उडवावी तसा, की निरोप द्यावा तसा, ठरवता आलं नाही.

मी उठायला लागलो
तर त्यांची बोटं बिस्किटाच्या डब्यावर
आपली आपण चालू झाली.
तीच चाल. मी मनात शब्द धरले,
ट्रम्पेटच्या जागेपर्यंत आलो
आणि बोटं थांबली.
आठ मात्रा, डब्याच्या वर, हवेत.
मी मोजल्या.
मग उतरली, बरोबर समेवर.

"दोन!" मी ओरडलो.
"दोन काय?" जाल म्हणाले. "साखर?"

काल मुनाफने एक बाजूला काढून ठेवली होती,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
लेबल अर्धं उडालेलं, कडेला कपचा.
तिरपी धरली.
नंबर तोच.
शेवटी तीन.

दोन नव्हे. तीन.
मी तिथेच पान्ह्यांच्या ढिगाशेजारी उभा राहिलो.
म्हणजे तेव्हा ती
हो म्हणाली होती.

घासाघीस न करता पैसे दिले.
मुनाफला संशय आला.
म्हणाला, वाजते का ही, काका?