आधी पाठ, मग धार

माझ्या शिलाई मशीनची मोटर काढून
भाच्यानं, सुमेधनं, फळीवर खराद बसवून दिला.
पायाखालचं पेडल तेच,
ज्यावर तीस वर्षं मी गावाचे ब्लाऊज शिवले.
आता काजाचा टाका दिसत नाही,
पण हळदूचा तुकडा फिरताना
त्याचं पिवळं दिसतं.

पहिलं गिऱ्हाईक शेजारचा विहान.
तान्हा पोळा आठ दिवसांवर
आणि त्याच्या नंदीला चाकंच नाहीत.
"उचलून न्यावा लागते, आजी. पोरं हसतेत."

तर हत्यारं.
सुमेधच्या फोनमध्ये अकराचा संच होता,
लाल पेटी, आत मखमल,
जो तो आपल्या खाचेत झोपलेला.
किंमत पाहिली आणि फोन उलटा ठेवला,
जशी दुकानात साडीची चिठ्ठी वाचून
आपण घडी मोडू देत नाही.

शिवणात बरं असतं.
मलमलला अकरा नंबरची सुई,
सुतीला चौदा, जीनला अठरा.
लाकडाचा नंबर कोण सांगणार?

सेलूच्या बाजारात, मिरचीवाल्यांच्या पल्याड,
धनवंता लोहारीण बसते.
नवरा सांडशी धरतो, घण ती मारते,
भावही तीच करते.
मी पिशवीतून जुनी कानस काढली.
म्हटलं, हिचीच पटाशी कर, पोलाद चांगलं आहे.
तिनं कानस ऐरणीच्या काठावर ठेवली
आणि एकदाच मारलं.

दोन तुकडे.
एक माझ्या चपलेपाशी येऊन पडला,
आतून बारीक दाणेदार, खडीसाखरेसारखा.
"फिरत्या लाकडात हे झालं असतं
तं डोया गेला असता, माय.
कानस कडक हाय. लवत नाही, सिद्दी तुटते."
कानशीचे पैसे विचारायचं
मला धाडस झालं नाही.

मग ट्रकचा कमानपाटा ओढला तिनं,
बोटभर रुंदीच्या पट्ट्या पाडल्या.
"काय काय करतं तू?"
चाकं. भवरे. जमलं तर बेलणं.
"मंग तीनच घे.
गोल तोंडाची, पोट काढासाठी.
तिरपी, अंगावरून हात फिरवासाठी.
अन् एक चपटी, तोडून वेगळं करासाठी.
चौथी जवा लागन तवा तुलेच समजन."

चाकं एवढीशी, मी म्हटलं, दांडाही वीतभरच ठेव.
ती हसली, धाप टाकत.
"वीतभर नाही, हातभर.
लहान कामातच हात जास्त हालते.
बगलेत दाबून धर,
आधी पाठ टेकव लाकडावर, मंग धार.
पाठ नाही टेकली तं लाकूड तुले फेकन."

फेकलं.
पहिल्या दिवशी दोनदा,
एकदा पिठाच्या डब्यावर, एकदा कुठं ते अजून सापडलं नाही.
धार बोथट झाली म्हणून वेल्डिंगवाल्याच्या चाकावर धरली,
तर टोक निळं पडलं, मऊ झालं, गेलं.
ते टोक झिजवून काढलं पाट्यावर, पाणी टाकत,
मसाला वाटावा तसं, पण एकाच कोनात.
दुपार गेली त्यात.

संध्याकाळी गोल पटाशी आडवी टेकवली,
नुसती पाठ.
लाकूड तिला घासत राहिलं, काही निघेना.
मग दांडा मागून जरासा उचलला,
आणि एक लांब पिवळी कात
माझ्या मनगटावर उतरली,
उसवलेल्या दोऱ्यासारखी, न तुटता.
पेडलवरचा पाय आपोआप हलका झाला.
कापड वळतं तिथं पाय असाच हलका होतो,
हे त्याला अजून आठवतं.

चाकं झाली चार.
तीन सारखी, चौथं गव्हाच्या दाण्याइतकं लहान.
टेपनं मोजलं, पुन्हा मोजलं,
ब्लाऊज असता तर उसवला असता.

पोळ्याच्या दिवशी विहानचा नंदी
सरळ चाललाच नाही,
डावीकडे वळत वळत
देवळाऐवजी किराणा दुकानापाशी गेला.
"पाय आजी," तो ओरडला, "याले रस्ता मालूम हाय!"

लहान चाक बदलून दे म्हणाला नाही.
मीही विचारलं नाही.