आणखी वाचा

पुण्याहून प्रकाशकांचा फोन. म्हणाले, येमूलबाई,
पुस्तक चांगलंय, पण तुम्ही कुठे दिसत नाही.
मी म्हटलं, कन्ना चौकातून उजवीकडे वळा,
पिठाच्या गिरणीवर विचारा, कुणीही दाखवेल.
ते हसले. तसं नव्हे, म्हणाले.

मग भाच्यानं, तिरुपतीनं, खातं उघडून दिलं.
फोटो काढला : हातात पुस्तक, मान जराशी तिरकी,
मागे दोरीवरचे टॉवेल येतात म्हणून
मला दोनदा सरकवलं.
अत्ता, हसा की जरा,
वसुलीला आल्यासारखं काय बघताय!

आठ वर्षं लागली या संग्रहाला.
फोटोला एकशे बारा अंगठे,
प्रती गेल्या तीन, त्यातल्या दोन नणंदेनं घेतल्या.
शेंगाचटणी कांडतानाचा फोटो टाकला
तर चौदाशे.
एकानं विचारलं, कुरिअरनं पाठवाल का?
पुस्तक? मी लिहिलं.
चटणी, तो म्हणाला.

आमचे नायना जेकार्डचे पुठ्ठे पाडायचे.
एक भोक, दोन घरं सोडून भोक,
आणि त्या भोकांतून चादरीवर मोर उतरायचा.
कोण पांघरतं ते त्यांना कधी कळलं नाही.
बिदरला, जळगावात, कुठल्या लॉजवर,
कुणाच्या तरी अंगावर तो मोर रात्रभर असायचा
आणि सकाळी कुणी कळवायचं नाही
छान झोप लागली म्हणून.

हे मी मुलाखतीत सांगणार होते. शोभलं असतं.
पण गड्ड्याच्या यात्रेत हेच नायना
मालकाच्या स्टॉलवर, स्टुलावर उभे राहून
चादर झटकत ओरडायचे,
तेलुगूत, कानडीत, मोडक्या मराठीत :
रंग गेला तर पैसे परत!
पंधरा दिवस घसा बसलेला.
त्यांना लाज वाटल्याचं मला आठवत नाही.
वाटायची ती मला, स्टॉलच्या मागे,
दहावीची वही तोंडापुढे धरून.

तेव्हा लाजेचं सोडा.
परवा नव्या गोष्टीतलं एक लांब वाक्य,
विडी वळणाऱ्या नरसव्वाचं,
मी मधेच तोडलं.
का, तर पडद्यावर बरोबर तिथेच
‘आणखी वाचा’ येतं,
आणि तिथे टांगून ठेवलं की लोक बोट लावतात.
मी कागदावर लिहीत होते. शाईचं पेन.
फोन खाली, तिरुपतीच्या चार्जरला.
तरी तोडलं.
नरसव्वा मांडीवर सूप घेऊन तशीच,
तोंडातला शब्द तोंडात.
दोन दिवस तिला पुढे नेता आलं नाही.

खातं बंद करते म्हटलं.
करा, तिरुपती म्हणाला,
मग वाचणार कोण, वाळवी?
तेही खरंच. साडेतीनशे प्रती दिवाणात आहेत,
त्यांच्यावरच मी झोपते.

काल रात्री अडीचला नळ सुसकारला.
सहाव्या दिवशी. आधी हवा, मग गढूळ, मग धार.
घागर लावली आणि सवयीनं गल्लीच्या ग्रुपवर टाकलं :
पाणी आलं.
दोनच शब्द. फोटो नाही, हसरा चेहरा नाही.

समोर गुंडेटींच्या खिडकीत दिवा लागला.
मग शेखबाईंच्या. मग बोळाच्या टोकापर्यंत.
मोटारी घुरघुरल्या, बादल्या वाजल्या,
कुणीतरी कुणाला तरी ऊठ ऊठ म्हणालं.
अंगठा कुणी दिला नाही. सवड कुणाला होती?

मी पायरीवर, फोन ओला.
इतकं वाचलं गेलेलं
माझं दुसरं वाक्य काही आठवेना.
घागर भरून वाहायला लागली
तेव्हा शेजारच्या अंधारातून आवाज आला :
अहो येमूलबाई,
किती वेळ राहील, ते लिहा की.