चौथी विहीर

मी पंपाचा माणूस. गाव गुहागरकडचं.
इथे बातिना किनाऱ्यावर, खलफानच्या बागेत
चार विहिरी, चार पंप, एक वही.
रोज पहाटे पाण्यात मीटर बुडवायचं
आणि लिहायचं, किती खारं.

बारा वर्षांत आकडा उतरलेला पाहिला नाही.
समुद्र इथे जमिनीखालून येतो,
बोट बोट सरकत, कुणाला न विचारता.
आधी लिंबं गेली, मग केळी.
खजूर राहिला.
खजुराला मीठ चालतं, मी म्हणालो.
खलफान म्हणाला, चालवून घेतो तो.

वादळाची खबर आली तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले.
तू कोकणातला, तुला ठाऊक असणार.
आणि मला ठाऊक होतंच की:
उधाण, भरती, पाणी कुठून चढतं, होड्या कशा ओढायच्या.
मोठ्या आवाजात सांगितलं,
समुद्राला पाठ करा, सगळं आत न्या, वादीत.

आमच्याकडे वाडी म्हणजे घरं, अंगणं, गडगा.
इकडे वादी म्हणजे कोरडी नदी.
एका अक्षराचा फरक.
बारा वर्षं मी तो हसत हसत सांगत आलो.

ट्रॅक्टर नेला. खताच्या गोण्या नेल्या.
खलफानची बहीण मौझा, तिच्या एकतीस शेळ्या
मीच हाकलत नेल्या त्या पांढऱ्या गोट्यांवर
जिथे वारा लागत नव्हता.
मोफिजुल मागून येत होता. भोल्याचा आहे तो,
लहानपणी एक अख्खी रात्र माडाला बांधलेला.
म्हणाला, भाई, पाणी कुठूनपण येतं.
मी म्हणालो, दोरी धर.

रात्रभर आम्ही समुद्राकडे बघत बसलो.
पत्रे गेले. खजूर मुळासकट आडवे होताना
आवाज असा येतो, जशी कुणी जाड सतरंजी फाडतंय.
समुद्र आला, रस्ता ओलांडून थांबला.
मला वाटलं, संपलं.

मग पाठीमागून डोंगर आला.
डोंगरच म्हणायचं त्याला, पाणी कसं म्हणू,
त्यात दगड होते, दरवाजे होते, एक गाडी दिवे लावून.
अर्ध्या तासात वादी भरली.
आम्ही टाकीवर चढलो, मोफिजुल, खलफान, मी.
मौझा खाली शिडीला धरून उभी.
ती हाका मारत होती, एकेकीचं नाव घेऊन.
मला तोवर माहीत नव्हतं शेळ्यांना नावं होती.

सहाव्या दिवशी चौथी विहीर सापडली.
तोंडाशी गाळ, आत एक शेळी.
बाहेर काढली, उपसा केला, दोन दिवस पंप चालवला.
मीटर वाहून गेलेलं.
खलफाननं ओंजळ धरली, तोंडाला लावली,
आणि बराच वेळ गिळलंच नाही.
हिलू, म्हणाला.
गोड.
आडव्या पडलेल्या झाडांमध्ये उभा राहून
तेच पुन्हा म्हणाला, आता मला नव्हे.

नवीन मीटर आलं. आकडा इतका कमी
की दोनदा बुडवलं, पुसून तिसऱ्यांदा.
वहीत लिहिताना शेऱ्याच्या रकान्यात हात थांबला.
तिथे मी सहसा लिहितो: बेल्ट बदलला, ऑइल टाकलं.
एकतीस लिहिलं. नुसतं एकतीस.
खलफान दर महिन्याला वही बघतो,
त्याने काही विचारलं नाही.

मौझानं पुढे दोन पिल्लं घेतली.
तिसऱ्या विहिरीचं खारं पाणी लांबून आणायची,
चौथीच्या कठड्यावरून बादली तशीच पुढे.
मी सांगू बघितलं, हे पाणी चांगलं आहे.
ती म्हणाली, माहीत आहे.

फेब्रुवारीत आकडा चढायला लागला.
मार्चमध्ये थोडा. मेमध्ये पुष्कळ.
एका सकाळी मी मीटर पुसत होतो,
ती मागे येऊन उभी राहिली.
किती झालं?
सांगितलं. जवळपास पहिल्यासारखं.
तिनं थोडा विचार केला
आणि बादली पुढे केली.