ओळ दोनशे चौदा

पुएर्तो मॉन्त. जुलै, म्हणजे इथली ऐन थंडी.
शेगडीत ओली लाकडं धुमसतायत
आणि मी पडद्यावरच्या हिरव्या किड्यावर क्लिक करते:
रन नाही, डीबग.

खाली कन्सोलमध्ये टॉमकॅट उठतो
आळोखेपिळोखे देत, तांबड्या अक्षरांत पुटपुटत.
(तांबडं म्हणजे चूक नव्हे, त्याची बोलीच तशी.
हे कळायला मला वर्ष लागलं.)
एकतीस हजार मिलिसेकंदांत सर्व्हर जागा,
तेवढ्यात माझा माते निवलेला.

माझ्या मशीनवर सगळं सुतासारखं सरळ.
मी खोटं तिकीट काढते:
नाव प्रुएबा, आडनाव प्रुएबा, आईचं आडनावही प्रुएबा,
आणि प्रुएबाबाई दर वेळी सुखरूप बेटावर पोचते.

पण पार्ग्वाच्या धक्क्यावर
दिवसातून दोनतीनदा नोल्फाचा फोन:
पुन्हा पांढरं पान.
आम्ही मेमरी वाढवली. चार दिवस गेले. ये रे माझ्या मागल्या.
एव्हारिस्तो म्हणाला, आणखी वाढव.
मेमरी म्हणजे काय मीठ आहे?

म्हणून आज जे करू नये ते केलं.
चालत्या सर्व्हरचं दार किलकिलं करून
माझा एडिटर त्याला जोडला,
दोनशे चौदाव्या ओळीच्या कडेला
एक लाल ठिपका ठेवला,
आणि बसले गळ टाकून.

अकरा वाजून सात मिनिटांनी
ती ओळ निळी झाली.

उजवीकडच्या चौकटीत एक माणूस उघडा पडला होता.
नाव: विल्नेर.
आडनाव: देझामूर.
आईचं आडनाव: नल.

आणि माझी ओळ निघाली होती
जे मुळात नाहीच
त्याच्या मागचीपुढची रिकामी जागा छाटायला.
घोडं इथं पेंड खात होतं.

कुणी लिहिली ही ओळ?
समासावर राइट क्लिक. नाव आलं.
माझंच. सहा वर्षांपूर्वीची तारीख.
माणूस म्हटलं की बापाचं एक, आईचं एक,
एवढं मी धरूनच चालले होते.
हैतीत एकावर भागतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.

फोन. नोल्फा.
इस्मेनिया, या खेपेला सगळंच गोठलंय, दोन्ही खिडक्या.
रॅम्पवर अठरा ट्रक, माशांवरचा बर्फ पाझरतोय.
(एकच थ्रेड थांबवायची सोय असते.
मी ती निवडली नव्हती.)
आणि हा समोरचा, ती म्हणाली, ऐकत नाही.
त्याच्या गावच्या बाकीच्यांना मी
तेच आडनाव दोनदा लिहून सोडते.
हा म्हणतो, ते माझं नाव नाही.

हे आधी का नाही सांगितलंस?
तुम्ही लोक मेमरीचं बोलत होतात.

नलवर डबल क्लिक केलं.
त्या जागी दोन अवतरणचिन्हं टाइप केली,
मधे काही नाही.
बाहेरून दोन्ही सारखंच रिकामं दिसतं, पण
एक म्हणजे ठाऊक नाही,
दुसरं म्हणजे नाही, आणि त्यात काही बिघडत नाही.
मग पुढे जाऊ दिलं.

फोनमधून ऐकू आला
तिकीट छापतानाचा तो चिरका आवाज,
आणि एक घोगरं ग्रासियास,
बहुधा नोल्फाला.

ती ओळ बदलली. सर्व्हर चालू असतानाच
नवी पद्धत आत सरकवली,
पाण्यात असलेल्या बोटीची फळी बदलावी तशी.
प्रुएबाबाईचं दुसरं आडनाव पुसून टाकलं.
एव्हारिस्तोला म्हटलं, मेमरी पूर्ववत कर.
किटलीत पाणी ओतलं.

फोन.
इस्मेनिया, पुन्हा थांबलंय.

निळी ओळ. नाव: ओर्तेन्सिया.
दोन्ही आडनावं जागच्या जागी.
कडेला, जिथं ठेवला होता तिथंच,
लाल ठिपका.